गुळवेल: गुणकारी म्हणजे काय, सुरक्षित म्हणजे काय?



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'गुळवेल' असं सांगितलं. त्यांना वाटलं, आम्ही थट्टा करतो आहोत. हयातभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस काढ्यावर काय बोलणार? आमच्या नावामागे डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानातल्या प्रबंधामुळे. तरी कुणी ना कुणी गुडघेदुखीवर गोळी विचारतंच. (हशा) म्हणून आधीच सांगतो, आज इथे औषध मिळणार नाही. 'गुळवेल गुणकारी आहे' आणि 'गुळवेल सुरक्षित आहे' ही दोन वाक्यं आपण सहज बोलतो. ती बोलताना आपण नेमकं काय म्हणतो आणि ते खरं आहे हे आपल्याला कसं कळतं, एवढंच आज पाहायचं आहे.

वेल तुम्हाला नवी नाही. बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, कुंपणावर ती चढलेली असते. पान हृदयाच्या आकाराचं, खोडावरची साल कागदासारखी सुटते, आणि तुकडा तोडून नुसता फांदीवर टाकला तरी हवेत मुळं सोडून पुन्हा फुटतो. म्हणून संस्कृतात तिला छिन्नरुहा म्हणतात, तोडली तरी वाढणारी. गुडूची हे दुसरं नाव. हिंदीत गिलोय. वनस्पतिशास्त्रात टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. आणि सगळ्यांत मोठं नाव म्हणजे अमृता. रावणवधानंतर इंद्राने अमृत शिंपडून वानरसेना जिवंत केली, त्याचे थेंब जिथे पडले तिथे ही वेल उगवली, अशी कथा निघंटूत आहे. कडुनिंबावरची गुळवेल जास्त गुणाची, असंही आपल्याकडे मानतात.

आता २०२० आठवा. औषध नव्हतं, लस नव्हती, दवाखान्यात जायची भीती. माणसं हाताशी जे होतं त्याकडे वळली, आणि ते अगदी साहजिक होतं. आम्हीही काढा प्यायलो. शेजाऱ्याने वेल तोडून आणून दिली, नाही कसं म्हणणार? ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कोविडसाठी आयुर्वेद आणि योगावर आधारलेली नियमावली काढली, त्यात प्रतिबंधासाठी गुडूची घनवटीचं नाव होतं. पाचशे मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा महिनाभर. ही मुदत लक्षात ठेवा, पुढे लागेल. कागदावर महिना होता. घराघरांत सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष चाललं. सकाळी चहाच्या आधी सगळ्या घराला एकेक पेला, आजीपासून नातवापर्यंत.

मग मुंबईहून बातमी आली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण तिथल्या डॉक्टरांनी पाहिले. सहाही जण गुळवेल घेत होते. डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची नोंद २०२१ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. बहुतेकांचा आजार ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखा होता. म्हणजे शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते, तो प्रकार. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, देशातल्या तेरा केंद्रांतून गोळा केलेली ४३ रुग्णांची नोंद आली. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत मध्यमान ४६ दिवस गेले होते. बऱ्याच जणांना आधीपासून यकृताचा जुनाट आजार होता. काहींना तो आहे हेच ठाऊक नव्हतं.

लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, 'बघा, झाडपाला विषारी.' दुसरा म्हणाला, 'हजारो वर्षं घेत आलो, हे आयुर्वेदाविरुद्धचं कारस्थान.' आम्हाला दोन्हीकडच्या घाईचं नवल वाटलं नाही. पण यांतल्या कुणीही 'अमुकामुळे तमुक झालं' हे ठरवायचं कसं, हा प्रश्न विचारला नाही. आणि हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे.

काकतालीय न्याय तुम्ही ऐकला असेल. कावळा ताडावर बसायला आणि फळ पडायला एकच गाठ पडली. कावळ्यामुळे फळ पडलं का? एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नव्हे. आता गंमत बघा, हा न्याय दोन्हीकडे लागतो. गुळवेल घेतली आणि कावीळ झाली, म्हणून गुळवेलीने कावीळ झाली, हे काकतालीय असू शकतं. आणि काढा प्यायलो आणि करोना झाला नाही, म्हणून काढ्याने वाचलो, हेही काकतालीयच असू शकतं. पहिल्या वाक्यावर 'पुरावा द्या' म्हणून गरजणारी माणसं दुसरं वाक्य डोळे मिटून गिळतात. पहिलं वाक्य लगेच उचलून धरणारी माणसं उलट करतात. कावळा मात्र दोन्हींकडे तोच आहे!

नैयायिकांनी यातून वाट काढली. ते म्हणतात, नुसता सहवास पुरे नाही. अन्वय पाहा: हे असताना ते असतं का? व्यतिरेक पाहा: हे नसताना ते नसतं का? आणि तरीही थांबू नका, उपाधी शोधा. त्यांचं ठरलेलं उदाहरण आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे? लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. अग्नी आणि धूर यांच्यामध्ये ओलं लाकूड लपून बसलेलं असतं, तीच उपाधी. आजचे संशोधक ज्याला 'कन्फाउंडर' म्हणतात, ते जवळपास हेच.

यकृताचे डॉक्टर काय करतात? एक गुणपत्रिका असते, तिला रूकॅम म्हणतात. औषध सुरू केल्यावर किती दिवसांनी त्रास झाला, त्याला गुण. थांबवल्यावर रक्ततपासणीतले आकडे किती वेगाने उतरले, त्याला गुण. हा अन्वय-व्यतिरेकच झाला. मग दारू, हेपॅटायटिस ए, बी, सी, ई, पित्ताशयातले खडे, बाकीची औषधं, एकेक बाजूला काढायचं. ही उपाधीची झडती. नकळत पुन्हा तेच औषध घेतलं गेलं आणि पुन्हा त्रास झाला, तर तो जबर पुरावा. पण मुद्दाम तसं करून पाहणं म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ, म्हणून ते करत नाहीत. त्या ४३ रुग्णांपैकी २९ जणांच्या बाबतीत 'संभाव्य' असा निष्कर्ष निघाला, म्हणजे सुमारे ६७ टक्के. 'सिद्ध' असा शब्द त्यांनी वापरलेला नाही, आपणही वापरू नये. पण 'कारस्थान' म्हणावं असंही त्यात काही नाही.

आता आयुष मंत्रालयाचा आक्षेप. जुलै २०२१ मध्ये मंत्रालयाने म्हटलं की या रुग्णांनी खाल्लेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, याची तपासणी झाली नाही. ती टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी, दिसायला जवळची वेल असू शकेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने पुन्हा सांगितलं: गुडूची सुरक्षित आहे, पण तिच्यासारख्या दिसणाऱ्या क्रिस्पासारख्या वनस्पती अपायकारक असू शकतात. क्रिस्पाच्या खोडावर पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात.

हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. कोणताही नैयायिक घेईल, कारण तो पक्षातच दोष दाखवतो: तुम्ही ज्याबद्दल बोलता आहात ती वस्तू तीच आहे का? पण आक्षेप खरा मानला तर पुढे काय होतं, हेही बघा ना. रुग्णांना वेल ओळखता आली नाही. त्यांना ती तोडून देणाऱ्याला ओळखता आली नाही. मग बाजारात सुकलेले तुकडे घेणाऱ्या तुम्हाला-आम्हाला ओळखता येईल? पावडर झाल्यावर तर वैद्यालाही डोळ्यांनी ओळखता यायची नाही. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. ती गुळवेल असेल तर गुळवेलीचा प्रश्न. ती गुळवेल नसेल तर गुळवेल म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूचा प्रश्न. यकृत कोणाचं बिघडलं, या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे सारखंच.

नावाच्या गोंधळातून काय घडतं याचा एक धडा बेल्जियममध्ये आहे. ब्रुसेल्समध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या देत. त्यात 'फांगजी' नावाची मुळी असायला हवी होती, तिच्या जागी 'ग्वांगफांगजी' गेली. नावं सख्ख्या बहिणींसारखी. वनस्पती पूर्ण वेगळ्या, आणि दुसरीत मूत्रपिंडाला घातक द्रव्य. शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं त्यात निकामी झाली किंवा कायमची खराब झाली. जाता जाता सांगतो, ती मूळ फांगजी आपल्या गुळवेलीच्याच कुळातली.

आता चरकाकडे येऊ. आयुर्वेदाचं नाव घेऊन जे बोलतात त्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला पहिलाच अध्याय नीट वाचावा. चरक म्हणतो त्याचा आशय असा: रानातले शेळ्या राखणारे, गुराखी, वनवासी लोकही औषधी नावाने आणि रूपाने ओळखतात, पण नाव आणि रूप कळलं म्हणजे औषध कळलं असं नाही. देश आणि काळ पाहून, प्रत्येक माणूस वेगळा तपासून, ते कसं योजायचं हे ज्याला कळतं तो वैद्य. त्या योजनेला तो 'योग' म्हणतो. पुढे तो असंही सांगतो की न जाणलेलं औषध विषासारखं, शस्त्रासारखं, अग्नीसारखं असतं आणि जाणलेलं औषध अमृतासारखं. बघा, अमृत हे वेलीचं नाव नव्हे, जाणण्याचं फळ आहे.

यावर आमचं म्हणणं एवढंच: २०२० मध्ये आपण नाव घेतलं, रूप कसंबसं घेतलं, योग सोडून दिला.

योग म्हणजे काय, ते गुळवेलीपुरतं पाहू. 'गुळवेल घेतो' या दोन शब्दांत किती वेगळ्या वस्तू मावतात! ताज्या खोडाचा काढा ही एक. वाळलेल्या खोडाचं चूर्ण दुसरी. घनवटी म्हणजे काढा आटवून आटवून घट्ट केलेला अर्क, तो चूर्णापेक्षा कितीतरी तीव्र. आणि गुळवेल सत्त्व? खोड कुटून रात्रभर पाण्यात भिजवायचं, कोळून गाळायचं, खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा. तो मुख्यतः पिष्ट असतो. आजीने उन्हाळ्यात दुधातून चिमूटभर सत्त्व दिलं आणि काही झालं नाही, यावरून सहा महिने घनवटी घेणं सुरक्षित आहे असं कसं ठरणार? शिवाय जुना वैद्य गुळवेल द्यायचा तो तापाला, अमुक दिवस, नाडी पाहून, आणि उतार पडला की बंद. धडधाकट माणसाने, कुणाला न विचारता, बेमुदत, बाजारातला रस पेल्याने पिणं, ही परंपरा नाही. ही अगदी अलीकडची सवय आहे, तिने परंपरेचा सदरा घातला आहे.

इथे लोक विचारतात, सरकार परवाना देतं ना? देतं. औषधं व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्याखालच्या नियमांत १५८-ब हा नियम २०१० मध्ये आला. त्यानुसार जुन्या प्रमाण ग्रंथांत जसं सांगितलं तसंच बनवलेल्या आयुर्वेदिक औषधाला परवान्यासाठी सुरक्षिततेचा नवा अभ्यास द्यावा लागत नाही. ग्रंथ हाच आधार. आता ग्रंथाने योग सांगितला आहे वैद्यासाठी, आणि बाटली जाते किराणा दुकानात. या दोहोंमधली फट आम्हाला कायद्यापेक्षाही तर्काची वाटते. आधार एका वापराचा, विक्री दुसऱ्या वापरासाठी.

मग गुळवेलीत काही गुण आहे की नाही? आहे असं मानायला जागा आहे, आणि ती जागा महाराष्ट्रातच तयार झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी आयुर्वेदातल्या औषधांवर आधुनिक पद्धतीने काम केलं. डहाणूकर मॅडमना तुमच्यापैकी बरेच जण मराठी लेखिका म्हणून ओळखत असतील. त्या परंपरेतला १९९३ चा एक अभ्यास आम्ही मुद्दाम सांगतो. पित्तमार्ग अडून कावीळ झालेले तीस रुग्ण. शस्त्रक्रियेआधी एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याबरोबर गुळवेल. पहिल्या गटात निम्म्यांना रक्तात जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, दुसऱ्यात एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचण्याचं प्रमाण पहिल्यात ४० टक्के, दुसऱ्यात ९२ टक्क्यांवर. विचार करा, त्याच मुंबईत, त्याच यकृताच्या रुग्णांत, याच वेलीने माणसं वाचवल्याची नोंद आहे आणि सत्तावीस वर्षांनी अपायाची नोंद आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये ॲलर्जीच्या सर्दीच्या ७५ रुग्णांवर आठ आठवडे चाचणी केली, काहींना गुळवेल, काहींना नुसती दिसायला सारखी गोळी. गुळवेलीच्या गटात शिंका, नाक गळणं लक्षणीय कमी झालं.

हे अभ्यास लहान आहेत. तीस रुग्णांवरून जग बदलत नाही, आणि मोठ्या संख्येवर ते पुन्हा करून पाहायला हवेत. पण त्यांचं एक वैशिष्ट्य बघा: प्रत्येकात एक ठराविक आजार आहे, ठराविक मात्रा आहे, ठराविक मुदत आहे आणि डॉक्टरांची नजर आहे. म्हणजे योग आहे. आणि यातला कुठलाही अभ्यास धडधाकट माणसाने रोज घेतली तर करोना टळतो, असं म्हणत नाही.

इथे 'प्रतिकारशक्ती वाढते' या शब्दाबद्दल बोललंच पाहिजे, कारण आमच्या मते सगळा घोळ या शब्दात आहे. आपल्या डोळ्यांसमोर टाकी असते. पाणी कमी झालं, मोटार लावली, टाकी भरली. प्रतिकारशक्ती टाकीसारखी नसते. तिच्यात हल्ला करणारे आहेत, हल्ला थांबवणारे आहेत, आपलं-परकं ओळखणारे आहेत. काय वाढवायचं? हल्ला करणारे वाढवले आणि थांबवणारे मागे पडले, तर तीच शक्ती घरावर चालून येते. आमवात, काही थायरॉइडचे विकार, ऑटोइम्यून हेपॅटायटिस हे प्रतिकारशक्ती कमी पडल्याचे आजार नाहीत, ती भरकटल्याचे आहेत. मुंबईच्या डॉक्टरांना आढळलेलं चित्र नेमकं तेच होतं. गुळवेल प्रतिकारयंत्रणेला चेतवते असं तिचे समर्थक म्हणतात. टीकाकारही तेच म्हणतात! ज्या वस्तूने शरीरात खरोखर काही घडतं, तिने कुणाच्या तरी शरीरात नको ते घडू शकतं. 'परिणाम जबरदस्त, दुष्परिणाम शून्य' हे वाक्य जाहिरातीत रोज दिसतं. ते तर्काच्या परीक्षेत पहिल्याच ओळीला नापास होतं.

आता आजोबांचा मुद्दा. 'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत गुळवेल खात होते, काही झालं नाही.' आजोबांना आमचा नमस्कार. पण जरा हिशोब करू. समजा, एखाद्या औषधाने दहा हजारांत एकाला गंभीर इजा होते. एखाद्या वैद्याने हयातीत तीन हजार लोकांना ते दिलं. त्याला असा एकही रुग्ण न दिसण्याची शक्यता जवळपास चारांत तीन आहे. तो प्रामाणिकपणे म्हणेल, 'माझ्या आयुष्यात एकालाही बाधलं नाही', आणि ते खरंच असेल. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे: तीनशे जणांत एकालाही अपाय दिसला नाही, तर एवढंच म्हणता येतं की अपायाचं प्रमाण शंभरात एकाहून जास्त नसावं. शंभरात एक! आपल्या तालुक्याची वस्ती लाखभर धरली तर हजार माणसं झाली. विरळ अपाय दिसायला फार मोठ्या संख्येने लोकांनी एकाच वेळी घ्यावं लागतं, आणि ते २०२० मध्येच घडलं.

त्यात आणखी एक पेच आहे. गुळवेल परंपरेने कावीळीवरही देतात. समजा, एखाद्याला तिनेच कावीळ झाली. तो कुठे जाईल? कावीळीचं औषध देणाऱ्याकडे. आणि औषध काय मिळेल? (हशा) तुम्ही हसता, पण दीड महिन्यांनी आलेल्या त्रासाचा धागा मागे काढ्यापर्यंत जोडायला कुणीतरी रक्त तपासणारा लागतो. हजार वर्षांच्या अनुभवाला तो धागा दिसला नाही, यात अनुभवाचा अपमान नाही. डोळ्यांना जंतू दिसत नाहीत, तसंच हे आहे.

दुसरी बाजूही तेवढीच नीट मांडली पाहिजे. ४३ रुग्ण, पण कितीजणांपैकी? लाखो, कदाचित कोट्यवधी लोकांनी त्या काळात गुळवेल घेतली. वरचा आकडा हाती आहे, खालचा नाही. वरचाही अपुरा, कारण सगळे मोठ्या दवाखान्यात पोचले नसतील. म्हणून 'गुळवेल घेतली की लिव्हर जातं' हे म्हणणं साफ चूक. बहुतेकांना काही होत नाही. ज्याचं यकृत आधीच दुखावलेलं आहे किंवा ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच भरकटलेली आहे, त्याला धोका जास्त दिसतो. चरकाच्या 'प्रत्येक माणूस वेगळा तपासा' याचा आजचा अर्थ आम्ही असा लावतो.

शेवटचा एक मुद्दा, तोही तत्त्वज्ञानातला. आमचा मोह आवरत नाही. लोक म्हणतात, आयुर्वेद प्राचीन आहे, ऋषींचा शब्द आहे, त्याला चाचण्या कशाला? न्यायसूत्रांत याचं फार सुंदर उत्तर आहे. वेद प्रमाण का, असा प्रश्न येतो. गौतम म्हणतात, मंत्र आणि आयुर्वेद यांच्या प्रामाण्यासारखंच ते आहे. भाष्यकार वात्स्यायन उलगडून सांगतात: आयुर्वेद जे सांगतो तसं केलं की सांगितलेलं फळ मिळतं, हे दिसतं, म्हणून सांगणारे विश्वासू ठरतात. म्हणजे ग्रंथ मोठा म्हणून औषध खरं, असा क्रम त्यांनी लावलेला नाही. औषधाचा गुण प्रत्यक्ष दिसतो, म्हणून सांगणारा आप्त. आणि आप्त कोण असू शकतो? वात्स्यायन म्हणतात ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांनाही लक्षण सारखंच लागू. मग मुंबईचा यकृततज्ज्ञ त्या यादीत बसतो की नाही, तुम्हीच बघा. गुण दिसला का, अपाय दिसला का, हे विचारणं आयुर्वेदाच्या विरोधात नाही. आयुर्वेदाला ज्यांनी प्रमाण मानलं त्यांनी याच कसोटीवर मानलं.

प्रश्नोत्तरे

एका भगिनींनी विचारलं: सासूबाई दोन वर्षांपासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतात. थायरॉइडची गोळी चालू आहे, साखरही आहे. बंद करायला सांगितलं तर रागावतात. काय करावं?

सासूबाईंना 'बंद करा' असं सुनेने सांगणं हा तत्त्वज्ञानाच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न आहे. (हशा) पण तुम्ही विचारलंत ते फार योग्य. औषधाचं आम्ही सांगणार नाही, विचारायचं काय ते सांगतो. थायरॉइडचे काही प्रकार ऑटोइम्यून असतात, आणि गुळवेलीने साखर उतरते असंही म्हणतात, तेव्हा साखरेच्या गोळीबरोबर ती फार उतरू शकते. त्यामुळे गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना काढ्याबद्दल कळलंच पाहिजे. आपले लोक गोळ्या दाखवतात, काढा सांगत नाहीत. ते औषध नाहीच असं धरून चालतात. लिव्हरची रक्ततपासणी साधी आहे, तीही करून घ्यावी. आणि थकवा, भूक मरणं, अंगाला खाज, लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे असं काही दिसलं, तर काढा त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठायचा, दुसऱ्या काढ्याकडे जायचं नाही.

मागे बसलेल्या एका तरुण मित्राने विचारलं: आमच्याच बांधावरची वेल आहे, विकतची नाही. मग तरी ओळखीची भीती नाही ना?

कमी आहे, नाही असं नाही. बांधावरच्या वेलीचं रूप तुम्ही वर्षानुवर्षं पाहिलंय, पावडरीपेक्षा ते कधीही बरं. तरी एकदा पान, फूल, खोडाच्या तुकड्यासह जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा, त्यांना आनंदच होईल. आणि घरात कुणाला त्रास झालाच, तर दवाखान्यात जाताना त्याच वेलीचा तुकडा कागदात गुंडाळून बरोबर न्या, बाटली असेल तर बाटली न्या. आयुर्वेदिक औषधांच्या अपायाची नोंद ठेवण्याची केंद्र सरकारची यंत्रणा आहे. डॉक्टर किंवा वैद्य तिथे कळवू शकतात. मुंबईच्या सहा रुग्णांवर पहिला आक्षेप आला तो हाच होता, की काय खाल्लं ते तपासलेलं नाही. तुमचा तुकडा त्या कामी येईल.